साध्या पाण्याची बशी

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. मूर्तीचा एक डोळा आखायला घेतला की दुसरा पुरा होईपर्यंत जागचं उठायचं नाही, आणि आखणाऱ्याला कुणी हाकही मारायची नाही. पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतींचा, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. त्या सकाळी माघी गणपतींचं काम चाललं होतं. एक डोळा झाला होता, दुसऱ्याची वरची रेघ ओढत होते, तेवढ्यात आमचे हे दारात येऊन उभे राहिलेले मला नजरेच्या कडेने दिसले. हातात फोन, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, कुणी गिऱ्हाईक घाई करत असेल, करू दे. मी रेघ पुरी केली, बुबुळ भरलं, त्यात पांढरा ठिपका दिला आणि कुंचला पाण्यात बुडवला. तेव्हा हे म्हणाले, "कुंदा गेली गो. दिलीपचा फोन होता." दिलीप म्हणजे कुंदाचा धाकटा भाऊ. एरवी यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण अख्खा डोळा होईपर्यंत त्यांनी ती बातमी धरून ठेवली होती. त्याबद्दल मी अजून त्यांना काही बोललेले नाही, ते इथे वाचतील.

मैत्रीण गेली म्हणजे रडू येणारच, तसं ते आलं. पण खरं सांगायचं तर रडण्याच्या आधी माझ्या मनात एक प्रश्न आला, आणि तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही. कुंदाने जाताना पाहिला तो लाल खरा होता की खोटा? आठवडाभर आधीच मी तिला रोह्याला भेटून आले होते. दिलीपच्या घरी, खिडकीजवळच्या खाटेवर ती पडलेली. इतकी वाळली होती की पांघरुणाखाली माणूस आहे हे शोधावं लागत होतं. मी हात हातात घेतला तर तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "शोभे, आला गो लाल." चेहरा असा उजळला होता की मला पुढे विचारताच येईना. कुठे आहे, दाखव, असं म्हणायला हवं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "बरं झालं, बाई." मग औषधाची वेळ झाली, तिला झोप लागली आणि मी परतीची गाडी धरली. पेण स्टेशन येईपर्यंत मनाला एकच घोर लागला होता. यापूर्वी एकदा तिला असाच लाल आला होता, आणि तो खोटा निघाला होता.

हे नीट कळायला कुंदा कोण होती ते सांगायला हवं. वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातली ती. वडील मिठागरावर कामाला, शाळा मात्र पेणला, आमच्या वर्गात. मी मूर्तीवाल्यांची मुलगी आणि ती मिठागरवाल्यांची, दोघींचे पाय कायम पांढरे, माझे मातीने आणि तिचे मिठाने, अशी आमची मैत्री जमली. ती भांडकुदळ होती. शाळेत बाईंनी सांगितलेलं ऐकून घेईल, पण मान डोलवायची नाही. माझ्या वडिलांनाही एकदा तिने विचारलं होतं की काळा रंग पातळ केला की निळा का दिसतो. वडील म्हणाले, दिसतो म्हणून दिसतो. त्यावर हिचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं त्यानंतर आयुष्यभर ती त्याच प्रश्नाच्या मागे फिरत राहिली. पुढे रसायनशास्त्र शिकली, रोह्याच्या कॉलेजात शिकवायला लागली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही याचं उत्तर विचारणाऱ्याप्रमाणे बदलायचं. मुलं तिला बाई म्हणत आणि घाबरत. शनिवारी ती पेणला माझ्याकडे यायची आणि ओट्याला टेकून उभी राहत माझ्या आमटीला नावं ठेवायची.

अशाच एका शनिवारी तिने पिशवीतून एक काचेची बाटली काढली. आत बिनदुधाच्या चहासारखं पाणी. मला म्हणाली, खिडकी लाव. मग नोटा तपासायला दुकानदार वापरतात तो जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च तिने बाटलीवर मारला आणि ते मळकं पाणी निळंशार उजळलं. मी जन्मभर रंगात हात घालून बसलेली बाई, पण असा रंग मी पाहिला नव्हता, कारण तो पाण्यावर नव्हता, आतून येत होता. मी विचारलं, "रंग कुठला घातलास?" ती म्हणाली, "रंग नाय गो घातला. पेंढा हाय ह्यो." मला वाटलं थट्टा करते आहे. पण खरंच तो भाताचा पेंढा होता. तो बारीक करून पाण्यात घालायचा, जाड पोलादी डब्यात घट्ट बंद करायचा आणि भट्टीत तापवायचा. आत हवा नसल्याने पेंढा जळून राख होत नाही, शिजल्यासारखा करपतो. मग गाळून घेतलेल्या पाण्यात कोळशाचे इतके बारीक कण उरतात की नुसत्या डोळ्यांना ते कधी दिसायचे नाहीत. टॉर्चचा उजेड ते कण पितात आणि आपल्या रंगाचा उजेड परत देतात. जगात बऱ्याच ठिकाणी लोक यावर काम करत आहेत, मी काही नवलाचं करत नाही, असं ती वर म्हणाली. कौतुक करून घ्यायची तिला सवय नव्हती.

पुढची काही वर्षं ती त्या उजेडाचा रंग बदलण्याच्या मागे लागली. निळा सहज येतो, म्हणायची, निळ्याचं कौतुक नाय. पेंढ्याबरोबर थोडा युरिया घातला, डबा जास्त वेळ तापवला की हिरवा आला. पाण्याऐवजी दुसरं काही वापरलं तेव्हा पिवळा. प्रत्येक रंगाची बाटली आधी माझ्या स्वयंपाकघरात यायची, खिडकी लागायची. मी एकदा विचारलं की कोळसा तोच, मग रंग बदलतो कशाने? ती म्हणाली, कण थोडा लहानमोठा होतो आणि त्याच्यावरचं अस्तर बदलतं, बाकी काही नाही. हे मात्र मला लगेच कळलं. आमच्याकडे डोळा आखताना काळा तोच असतो, हातही तोच, पण वरची रेघ केसभर खाली आली की गणपती झोपाळू दिसतो आणि केसभर वर गेली की रागावलेला. तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्याकडे शहाण्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली.

लाल मात्र येईना. तिला लालच हवा होता, आणि का हवा होता तेही तिने माझ्याच ओट्याशी दाखवलं होतं. मला म्हणाली, मोबाइलचा टॉर्च लाव आणि तळवा त्याच्यावर ठेव. ठेवला. तळवा लालभडक दिसायला लागला. "टॉर्च पांढरा हाय ना? पण मांसातून पलीकडे आला तो लालच. बाकीचे रंग आत अडकले. उद्या अंगात काय बिघडलंय ते उजेडाने बघायचं म्हटलं, तर बाहेर पोचणारा उजेड पायजे." तिची आई पोटाच्या आजाराने गेली होती, आणि पोटात काय आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. ते ती बोलली नाही, मीही काढलं नाही. बोट मात्र त्या लाल तळव्यावर ती फिरवत राहिली.

मग तो पावसाळा आला. पाण्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सुकवणीचा ओव्हन बिघडला आणि दुरुस्तीला माणूस काही येईना. पावसाळ्यात आमच्याकडे मूर्ती सुकवायला हॅलोजनचे दिवे लावून एक खोली गरम ठेवलेली असते. मी म्हटलं, तुझ्या बश्या आण माझ्याकडे. तिने आणल्या. उथळ काचेच्या बश्यांमध्ये ते चहासारखं पाणी, वर मलमलीचं फडकं, आणि सगळं वरच्या फळीवर मांडलेलं. पाणी उडून खाली जी चिकट पूड उरली, ती तिने पुन्हा स्वच्छ पाण्यात विरघळवली, टॉर्च मारला, आणि लाल... असा लाल की माझ्याच अंगावर काटा आला. कुंदाने टॉर्च विझवला. ओट्यावर बसली आणि माझी बेचव आमटी दोन वाट्या प्यायली.

बातमी रोह्यात पसरायला कितीसा वेळ लागतो. कॉलेजात तिला शाल आणि श्रीफळ मिळालं, मुंबईच्या एका परिषदेत बोलायचं आमंत्रण आलं. सायली नावाची तिची एक विद्यार्थिनी तिच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. वडील रोह्याजवळ धाटावला कंपनीत शिफ्टवर कामाला, घरात एवढं शिकलेली ही पहिलीच. तिच्या आईने तर पेढे वाटले. आमच्या घरीही कधी नव्हे ते कुंदाने मिठाई आणली आणि यांना म्हणाली, "भावोजी, तुमच्या हॅलोजनचा पण वाटा हाय त्याच्यात." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. वाटा हॅलोजनचा नव्हता, हे नंतर कळलं.

तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. पावसाची झड लागली होती, दिवसाढवळ्या अंधारलं होतं. मी कारखान्यातून हात पुसत बाहेर आले आणि कुंदाने गंमत म्हणून माझ्यावर टॉर्च मारला. माझे हात कोपरापर्यंत लाल उजळले. केसांच्या कडा लाल, ब्लाउजची बाही लाल. "बघ, मूर्तीवाल्यांची भुतीण," असं म्हणून ती हसायला लागली आणि हसता हसता गप्प झाली. पलीकडच्या खोलीत आमचे कारागीर मूर्तींच्या शेल्यावर स्प्रे गनने फ्लोरोसंट गुलाबी मारत होते. हल्ली तो रंग गिऱ्हाइकाला फार आवडतो. त्याचा धुरळा कारखानाभर उडतो, आमच्या चहातही जात असेल. कुंदाने माझ्या हाताकडे पाहिलं, मग वरच्या फळीकडे पाहिलं. शांतपणे म्हणाली, "शोभे, चहाची एक बशी दे. धुवून दे."

कडेला टवका उडालेली एक बशी होती, ती दिली. तिने त्यात नळाचं साधं पाणी घेतलं, वर मलमलीचं फडकं टाकलं आणि आपल्या बश्यांच्या जागी ठेवून दिलं. त्या रात्री ती माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण गणपतीच्या दिवसांत आम्हाला कुठला रविवार, काम चालूच होतं. संध्याकाळी तिने बशी खाली काढली आणि टॉर्च मारला. साधं पाणी, ज्यात ना पेंढा ना कोळसा, ते लाल उजळलं.  मग कुंदाला जे हसू आलं ते थांबेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं आहे की कशाचं ते मला कळेना. मी म्हटलं, कुणाला कळतंय, गप्प बस. मी असं म्हणाले खरं, मैत्रिणीसाठी माणूस काहीही म्हणतं. ती म्हणाली, "मला कळलं ना, बास झालं."

सोमवारी तिने मुंबईला कळवून टाकलं की मी येत नाही. ज्या स्टाफरूममध्ये शाल मिळाली होती तिथेच उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की तो लाल माझा नव्हता, पेणच्या गणपतींचा होता. शाल परत करायला निघाली होती, ती कुणी घेईना, म्हणून शेवटी शिपाईमावशीला दिली. सायली मात्र पार कोलमडली. तिची समजूत काढायला कुंदाला फार दिवस लागले. त्या खोट्या लाल पाण्याची बाटली तिने फेकली नाही. वर कागद चिकटवला, त्यावर 'लबाड' असं लिहिलं आणि ती माझ्या कारखान्यात आणून ठेवली. म्हणाली, हिचं माहेर इथलंच. आणि तेव्हापासून तिने नियम केला. काहीही तापवायचं, गाळायचं, सुकवायचं असलं की शेजारी साध्या पाण्याची एक बशी ठेवायची. जे जे बाटलीचं करायचं ते ते त्या पाण्याचंही करायचं. बाटली उजळली आणि पाणीही उजळलं, तर सगळं ओतून द्यायचं. विज्ञानात ही रीत जुनीच आहे, आणि आपण घाईत ती विसरलो होतो, असं ती वर्गातही सांगायची.

त्यानंतर वर्षभरात तिचं आजारपण निघालं. आईचंच दुखणं. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, मधून मधून ती कॉलेजात जायची, मग ते थांबलं आणि प्रयोग एकटी सायली चालवू लागली. अशा माणसाने अंथरुणातून 'आला गो लाल' म्हटल्यावर माझ्या मनात काय आलं असेल ते समजून घ्या. तिला गुंगीची औषधं चालू होती. स्वप्नातलं बोलत असेल. आणि त्याहून वाईट, मला वाटलं की त्या पोरीने, सायलीने, बाईंना जाताना समाधान मिळावं म्हणून काहीतरी गोड सांगितलं असेल. आजारी माणसाला आपण सगळेच असं सांगतो, मी स्वतः काय केलं होतं? पण कुंदाला फसवून पाठवणं... जिने एका बशीसाठी शाल उतरवली, तिला शेवटी आपणच खोट्या लालाचा निरोप दिला, हे मला सहन होईना. सायलीला फोन करून विचारावं तर उत्तराची भीती. कार्याच्या दिवशी ती कोपऱ्यात बसली होती, रडून रडून सुजलेली. तिला काय विचारणार. मी मूर्तींचे डोळे आखत राहिले आणि माझे डोळे मात्र रोज बिघडत होते. हे म्हणायचे, झोप थोडी.

मग एका दुपारी सायलीच आली. रोह्याहून स्कूटीवर, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, पाठीवर सॅक. म्हणाली, "काकू, बाईंनी तुम्हाला दाखवायला सांगितलं होतं. तेव्हा बाटली मुंबईला तपासायला गेली होती, म्हणून राहिलं." मी खिडकी लावली. तिने बाटली ओट्यावर ठेवली, टॉर्च मारला. लाल होता, पण तसा लाल नव्हता. 'लबाड' कशी भडक होती, ही मंद, विझत आलेल्या चुलीतल्या निखाऱ्यासारखी. मी म्हटलं, "एवढाच?" ती हसली. म्हणाली, "एवढाच हाय, काकू. पण आपला हाय." या वर्षीची कापणी झाल्यावर जित्याला एका शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन तिने स्वतः पेंढा आणला होता. पेणच्या रस्त्यावरून आणतानाही पिशवीत गुंडाळून, कारखान्यांचा धुरळा बसू नये म्हणून. नंतर ते पाणी पातळ पडद्याच्या पिशवीत भरून स्वच्छ पाण्यात दिवसचे दिवस टांगून ठेवलं, म्हणजे त्यात रंग मिसळला असेल तर बाहेर झिरपून जाईल. बाहेरचं पाणी बदलून बदलून ती थकली, पण पाण्याला काही रंग आला नाही आणि आतला लाल काही गेला नाही. मुंबईहूनही तेच उत्तर आलं होतं.

तरी माझा जीव राहिना. मी सरळच विचारलं, "आणि बाईंनी पाहिलं का? की तू नुसतं सांगितलंस?"

सायलीने टॉर्च ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "सांगून त्यांना पटलं असतं का, काकू?" मुंबईला पाठवण्याच्या आधी ती बाटली घेऊन दिलीपच्या घरी गेली होती. बाईंना उठून बसता येत नव्हतं, दिलीपने मागे उशा दिल्या आणि खिडकी लावली. सायलीने बाटली समोर धरली आणि टॉर्च त्यांच्या हातात दिला. बाईंनी बाटलीकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "पाणी कुठाय?" सायलीने साध्या पाण्याची बाटलीही आणली होती, त्याच डब्यात तापवलेली, त्याच पिशवीत टांगलेली. बाईंनी आधी तिच्यावर टॉर्च मारला. दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि पुन्हा मारला, वरून, खालून, बाजूने. पाणी उजळलं नाही, काळंच राहिलं. बाईंनी बराच वेळ ते काळं पाणी बघितलं. मग टॉर्च लालवर नेला.

ते ऐकलं आणि मी जाऊन खिडकी उघडली.   इतके दिवस छातीवर बसलेलं उठून गेलं होतं. कुंदा फसून गेली नव्हती. कुणी तिला गोड बोलून पाठवलं नव्हतं, आणि कुणी तसा प्रयत्न केला असता तरी ती फसली नसती. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. सायलीलाही जेवायला घातलं. तिने आमटी दोनदा घेतली आणि चांगली झाली म्हणाली, यावरून ती अजून कुंदाच्या तालमीत पुरती तयार झालेली नाही हे कळलं.

टवका उडालेली ती बशी माझ्याकडेच आहे. सुकवणीच्या खोलीत वरच्या फळीवर, 'लबाड' बाटलीच्या शेजारी. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी ती धुते, त्यात साधं पाणी घेते आणि फडकं टाकून ठेवते. कारागिरांना वाटतं मालकीणबाईंचं काहीतरी व्रत असेल, तर वाटू दे. संध्याकाळी कुंदाचा टॉर्च काढते, दिलीपने तो मला दिला, आणि बशीवर मारते. आमच्या कारखान्यातलं पाणी रोज लाल निघतं, एक दिवसही चुकत नाही. मी ते मोरीत ओतते आणि रोह्याच्या त्या काळ्या राहिलेल्या पाण्याची आठवण काढून दिवा मालवते.